आमवाताच्या दवाखान्याचा पत्ता मी का देत नाही

मागे मी इथे एक फोटो टाकला होता. फडक्यात बांधलेली वाळूची पुरचुंडी, शेजारी तवा, आणि खाली एवढंच की बहिणीच्या आमवातासाठी बुलढाणा जिल्ह्यात आले आहे. त्यानंतर पत्ता मागणाऱ्यांनी माझं डोकं उठवलं आहे. एका बाईंनी लिहिलं, ‘ताई, बॅग भरून ठेवलीय, फक्त गावाचं नाव सांगा.’ त्यांच्या त्या भरलेल्या बॅगेचीच मला भीती वाटते.

नाव सांगणार नाही. रस्ता सांगते, एसटी सांगते, काय खायला मिळतं आणि संडास कसा आहे तेही सांगते. पण दुसरबीडच्या पुढे कुठे वळायचं ते नाही. का ते कळायला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

वसू माझी धाकटी बहीण. देऊळगाव राजाला एकटी राहते. तिचे यजमान तिथल्या कॉलेजात शिकवायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो. तिचा आजार जुना आहे. संभाजीनगरचे तिचे डॉक्टर त्याला रुमेटॉइड म्हणतात, वैद्य आमवात म्हणतात, आणि गल्लीत त्याला ‘वाताचं दुखणं’ म्हणून निकालात काढतात. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, सूज येते आणि ती जात नाही. आधी बोटं, मग मनगटं, मग खांदे. बरं होण्याची आशा वसूने केव्हाच सोडली होती. तिला एकच गोष्ट हवी होती. स्वतःची वेणी स्वतःच्या हाताने घालता यावी.

हे ऐकून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी जरा थांबावं. आम्ही दोघी अकोल्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, काळी रिबन. सकाळच्या प्रार्थनेच्या आधी सिस्टर रांगेतून फिरून एकेक डोकं तपासायच्या. मी थोरली म्हणून वसूच्या वेण्या मी घालायची आणि ओढून घालायची. दुसरीत असताना एक दिवस तिने माझ्या हातातून फणी काढून घेतली आणि म्हणाली, ‘मी माझी घालीन.’ त्यानंतर तिच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा ती आत जाऊन स्वच्छ वेणी घालून बाहेर आली. बसायला आलेल्या आमच्या दोन मावश्या त्यावर जे कुजबुजल्या ते मी विसरलेले नाही. तेव्हा वेणी गुडघ्यापर्यंत होती.

तर नोव्हेंबरात तिचा फोन आला. दुसरबीडच्या पुढे एका खेड्यात एक वैद्यबाई आहेत, रोग्याला ठेवून घेऊन उपचार करतात, फसवत नाहीत असं लोक म्हणतात. ‘ताई, तू चल. मला आता बॅग उचलत नाही.’ मी तिला दवाखान्यांविषयी, वैद्यांविषयी आणि ‘लोक म्हणतात’ या तीन गोष्टींविषयी माझं मत ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

संभाजीनगरहून जालना, जालन्याहून देऊळगाव राजा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्त पडतो. कंबरेचा हिशेब वेगळा. जालन्याच्या स्थानकावर चौकशीच्या खिडकीत माणूस नसतो, पंखा असतो. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो. ज्यांच्याकडे गाडी आहे ते त्यावरून सिंदखेड राजापर्यंत येऊ शकतात. एसटीवाल्यांना तो अधूनमधून दुरून दिसतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून मोकळी झालेली रानं, वेचणीला आलेला कापूस आणि पिवळ्या फुलांवर आलेली तूर. एरवी मी यावर दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या.

वसूचं घर बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत आहे. तिने दाराची कडी कोपराने वर ढकलून काढली. मला आत घेतानाही हात पुढे केला नाही, खांदा पुढे केला. वेणी होती, पण तिच्या घालण्यातली नव्हती. घट्ट, पातळ, टोकाला लाल रबर. ती शेजारच्या शबानाने घातलेली. शबानाच्या घरी गाद्या भरायचं काम चालतं. सकाळी पिंजलेल्या कापसाचे तंतू पदराला घेऊनच ती येते, वसूची वेणी घालते आणि कामाला जाते. पैशांचं नाव काढलं तर रागावते. त्या संध्याकाळी ती ज्वारीच्या भाकरी आणि भरीत घेऊन आली आणि जाताना मला दाराशी बाजूला घेऊन म्हणाली, ‘मोठ्या ताई, वेणीचं मले काईच नाई. पण मी केसाले हात लावला का त्या भिंतीकडे तोंड करतात.’

वसूला भाकरी मोडता येत नव्हती. मी दुधात कुस्करून दिली, तिने चमच्याने खाल्ली. टेबलावर एक देखणी बाटली होती. हळदीच्या गोळ्या, मुलाने पुण्याहून पाठवलेल्या, वर ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ असं सोनेरी अक्षरांत. झाकण असं की तळव्याने दाबून धरून फिरवायचं. बाटली अजून उघडलेली नव्हती. सांध्यांच्या औषधाला असलं झाकण लावणाऱ्या माणसाला मी एकदा भेटू इच्छिते.

सकाळी तिची बोटं उघडायला खूप वेळ लागला. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ती बसली होती आणि मी तिच्या ब्लाउजचे हूक लावत होते. तरी ती खुशीत होती. इतकी खुशीत की मला संशय यायला हवा होता.

मेहकरकडे जाणारी सकाळची गाडी भरलेली होती. हिवरा आश्रमाला निघालेली एक मंडळी मागच्या बाकांवर जेवणाचे डबे सांभाळत बसली होती. वसूला पायरी चढायला वेळ लागत होता. कंडक्टर म्हणाला, ‘होऊ द्या आजी सावकाश, गाडी काई समृद्धीवरून नाई जाऊन राह्यली.’ तो स्वतः केस रंगवलेला पन्नाशीचा गृहस्थ. मी त्याला विचारलं की आजी कोणाची, तुमची का. त्याने पुढचा सगळा प्रवास आम्हाला ‘मॅडम’ म्हटलं आणि दुसरबीडला उतरताना पिशवी खाली दिली.

दुसरबीड मोठं गाव आहे, रस्त्यालगत सगळं मिळतं. स्टँडसमोर गरम आलूबोंडा आणि गोड मिट्ट चहा घ्या, कारण त्यानंतर तुम्हाला तळलेलं काही मिळणार नाही. तिथून रिक्षा. बाकी रस्ता मी गिळला आहे.

दवाखाना म्हणजे पत्र्याची लांब पडवी, मागे ओळीने खोल्या, खोलीत दोन लोखंडी खाटा. चादर, पांघरूण, कानाचा कप आणि जाड दांड्याचा चमचा घरून न्यावा. राहणं-खाणं धरून दोघींचे दिवसाला आठशे रुपये. आणि संडास भारतीय. गुडघे न वाकणाऱ्या माणसांसाठी काढलेल्या दवाखान्यात बसके संडास. वर उपाय म्हणून मधोमध भोक पाडलेली एक प्लास्टिकची खुर्ची, आणि तिच्यासाठी रांग. मी याबद्दल जे बोलले ते पडवीतल्या सगळ्यांनी ऐकलं आणि निम्म्या बायकांनी माना डोलावल्या.

पडवीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: ‘सुरू असलेली औषधे बंद करून येऊ नये.’ आम्ही नंबराची वाट पाहत त्या पाटीखालीच बसलो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढल्यामुळे मला दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येतंच, मुद्दाम ऐकावं लागत नाही. शेजारची एक बाई सांगत होती की तिने पंधरा दिवसांपूर्वी गोळ्या सोडल्या. दुसरी म्हणाली, पंधरा दिवसांनी काय होतं, मी पोळ्यापासून सोडल्यात. देवळात जाताना अंघोळ करून जातात, तसं वैद्याकडे जाताना अंगातलं इंग्रजी औषध काढून टाकून, कोरं होऊन जायचं. मग वनस्पतीचा गुण लागतो. हे कुणी त्यांना शिकवलं ते कुणालाच सांगता येईना, आणि सगळ्यांना माहीत होतं. जिने जास्त दिवस सोडल्या तिच्याकडे बाकीच्या आदराने पाहत होत्या, कडक उपास धरणाऱ्या बाईकडे पाहतात तसं.

मी पाटीकडे बोट दाखवलं. पोळावाली बाई शांतपणे म्हणाली, ‘ते लिहाच लागते त्याइले. सरकारचा नियम हाये.’

आणि तेव्हा वसू, माझी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी बहीण, हसून म्हणाली, ‘मी अक्षय्य तृतीयेपासून.’

कुणीतरी ‘अबब’ म्हणालं, कौतुकाने. पोळावाली बाई सरकली आणि तिने वसूला भिंतीला टेकायला जागा करून दिली.

अक्षय्य तृतीया म्हणजे उन्हाळा. आता डिसेंबर तोंडावर आला होता. महिन्याच्या महिन्याला मुलगा पुण्याहून गोळ्या मागवून देत होता, त्या तशाच घरात साठत होत्या. दुखायचं तेव्हा मेडिकलवाल्याकडून वेदनेची गोळी आणून घ्यायची. मला फोनवर विचारलं की म्हणायची, ‘घेते गं सगळं वेळेवर.’ मी तिला विचारलं की तू वेडी आहेस का. मी ते बऱ्यापैकी मोठ्याने विचारलं असावं, कारण आतून वैद्यबाईंच्या मदतनीस बाईने डोकावून पाहिलं.

वैद्यबाई पन्नाशीच्या. रीतसर पदवी घेतलेल्या, आवाज बसलेला, टेबलावर चहा गार होऊन साय धरलेली. गोड बोलण्याची त्यांना सवय नाही. नाडी पाहिली, जीभ पाहिली, एकेक बोट चिमटीत धरून वाकवून पाहिलं. वसूने ओठ आवळले. मग त्यांनी विचारलं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना.

वसू म्हणाली, ‘आहेत.’

खरं सांगणाऱ्याला त्या परत पाठवतात, हे तिने पडवीत ऐकलं होतं. मी तिच्या शेजारी बसले होते. मी म्हणाले, ‘खोटं बोलतेय. उन्हाळ्यापासून बंद आहेत.’ वसूने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहीत नाही.

वैद्यबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या थकल्यासारख्या बोलल्या. माझं औषध हळू चालतं, म्हणाल्या. न पचलेलं चिकट काहीतरी अंगात साचतं आणि सांध्यात जाऊन बसतं, आम्ही त्याला आम म्हणतो. ते कोरडं करायचं, पचवायचं. हलकं खाणं, सुंठीचं पाणी, झेपेल त्याला सकाळी एरंडेल, कोरड्या वाळूचा शेक. याला महिने लागतात. तोवर सांधा शाबूत राहायला हवा. ती आग डॉक्टरांची गोळी दाबून ठेवते. सूज उतरली की गोळी कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील; मी नाही आणि तुम्ही तर नाहीच. ‘तुम्ही झाकण काढून माझ्याकडे आलात. या पडवीतल्या निम्म्या तशाच येतात. मी पाटी लावली, तर म्हणतात सरकारने लावायला लावली.’

मी विचारलं, मग आता परत जायचं का. एवढ्या लांब येऊन. त्या म्हणाल्या, आलाच आहात तर शेक देते, आराम पडेल. बाकी काही सुरू करणार नाही. उद्या मेहकरला जाऊन हातांचे आणि खांद्यांचे फोटो काढा, रक्त द्या, आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘आणि घरी तेल चोळत असाल तर तेही थांबवा. सुजेवर तेल नको.’

शबाना रोज सकाळी तेल कोमट करून वसूच्या मनगटांना चोळायची. प्रेमाने. तेही चूकच निघालं.

आयुर्वेदावर माझा विश्वास आहे का, असं विचाराल. शाळेत आम्हाला सिस्टरांनी जे विज्ञान शिकवलं त्यात आम नव्हता. पण त्या बाईंच्या चिडण्यावर माझा विश्वास बसला. फसवणारी माणसं चिडत नाहीत, ती पावती फाडतात.

संध्याकाळी खोलीत मुगाचं पातळ कढण आणि लाह्या आल्या. मागोमाग मदतनीस बाई तव्यावर भाजलेली वाळू फडक्यात बांधून तव्यासकट घेऊन आल्या. तो फोटो तेव्हाचा. कोरडी, गरम पुरचुंडी मनगटावर टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. त्या दाखवून गेल्या आणि मी करत राहिले. वसू माझ्याशी बोलत नव्हती. मी मात्र बोलत होते. अडाणीपणावर बोलले, पडवीतल्या बायकांवर बोलले, तुला कोरं व्हायचं होतं तर दुसरं काही सापडलं नाही का, असं विचारलं. वाळू गार होत आली तेव्हा ती म्हणाली, ‘कोरं व्हायचं मला काही नव्हतं, ताई. ते मी नंतर ऐकलं. बरं झालं, सांगायला कारण मिळालं.’

मग म्हणाली, ‘केस जात होते गं.’

गोळ्या सुरू केल्यापासून. न्हाणीच्या जाळीत मुठीएवढे. उशीवर. फणी फिरवली की फणी काळी. वेणीचं टोक उंदराच्या शेपटीसारखं झालं होतं. गोळ्या सोडल्यावर दोन महिन्यांत गळायचे थांबले. कपाळाशी बारीक नवे केस आले, ते ती मला वाकून दाखवत होती. खरंच होते. मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलंस. ती म्हणाली, ‘काय सांगू. साठी उलटलेली विधवा बाई केसांसाठी रडते म्हणून?’

वाळू गार झाली होती, मी ती तशीच टेकवत राहिले.

मेहकरला जायला रिक्षा आणि मग जीप मिळते. रस्त्याचा थोडा भाग चांगला आहे, तो लवकर संपतो. एक्स-रेसाठी वसूला हात वर करायला सांगितला. तो वर जाईना तेव्हा तंत्रज्ञ तिच्यावर खेकसला, आणि मी त्याच्यावर. रक्त दिलं. बाजारात एका हॉटेलात बसून संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवले. डॉक्टर सज्जन आहेत. गोळ्या कशा सुरू करायच्या, रक्ताचा अहवाल आल्यावर काय, सगळं नीट सांगितलं. शेवटी मी म्हणाले की तिने केस गळतात म्हणून सोडल्या होत्या. ते म्हणाले, ‘अहो, आधी सांगायचं ना. मात्रा कमी केली असती, दुसरी गोळी दिली असती. त्यासाठी उपाय आहेत.’

फोन स्पीकरवर होता. वसूने ते ऐकलं. समोर चहा होता, तिने दोन्ही मनगटांत कप धरून उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मी विचारते, इतकी वर्षं तो माणूस रक्त तपासतो, यकृत तपासतो, डोळे तपासायला पाठवतो. एकदाही ‘केसांचं काय’ असं विचारायला तोंड दुखलं असतं? मीही विचारलं नाही. मुलानेही नाही. शबाना रोज ती वेणी हातात धरते, तिलाही वाटलं वय झालं. आणि वसूने सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आम्ही सगळ्यांनी काय म्हटलं असतं ते तिला पाठ होतं.

दुपारी परत आलो. वैद्यबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. बाहेर पोळावाली बाई कुणाला तरी वसूची गोष्ट सांगत होती, अजून कौतुकानेच. वैद्यबाई म्हणाल्या की सूज उतरेल, दुखणं पुष्कळ कमी होईल, गोळ्या नियमित घेऊन सहा आठवड्यांनी या, मग मी माझं सुरू करते. घास घेता येईल. कप धरता येईल.

वसूने एकच प्रश्न विचारला. ‘वेणी?’

वैद्यबाईंनी एक्स-रे पाकिटात घातला. ‘नाही, ताई. खांद्याचं आणि या बोटांचं जे खाल्लं गेलं ते परत येत नाही. माझ्याकडेही नाही, त्यांच्याकडेही नाही.’

एक्स्चेंजमध्ये आम्हाला शिकवलं होतं, ग्राहकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणायचं. मला त्या बाईंचा इतका राग आला की मी उठून उभी राहिले. उठल्यावर लक्षात आलं की करण्यासारखं काही नाही. मी खुर्ची जागेवर सरकवली आणि आम्ही बाहेर आलो. पाटीखाली नव्या बायका बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, आजच्या आज गोळ्या सुरू करा, ही पाटी खरी आहे. एकीने मान हलवली आणि शेजारणीला हळूच म्हणाली, ‘डॉक्टरकडच्याच असतीन ह्या.’

दुसऱ्या दिवशी देऊळगाव राजाला परतलो. त्याच रस्त्याने, त्याच तुरीतून. वसू खिडकीशी बसली होती आणि वाऱ्याने तिचे केस सुटत होते. मी नीट करायला हात पुढे केला, तिने डोकं बाजूला घेतलं.

घरी आल्यावर तिने शबानाला बोलावलं. तेल आता चोळायचं नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने तळहात उलटसुलट करून पाहिले, जणू त्यांनी काही केलं होतं. मग वसू म्हणाली, ‘शबाना, कापून टाक. मानेपर्यंत.’

शबाना मागे सरकली. ‘नाई, वसूताई. माह्या हातानं नाई.’ गाद्यांचं कापड दिवसभर कापणारी बाई, ती कात्रीला हात लावेना. वसूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मीही नाही कापणार. डोळ्यांपुढे आमच्या आजीची थोरली जाऊ होती, लाल आलवणातली, तुळतुळीत डोक्याची, जिच्याकडे लहानपणी आम्ही दोघी बघायला घाबरायचो. वसूलाही तीच आठवली असणार. आम्ही तिचं नाव घेतलं नाही.

‘मग मीच कापते,’ वसू म्हणाली.

तिने टेबलाचा खण कोपराने उघडून शिवणाची कात्री काढली. शबानाने वेणी घातलेलीच होती. वसूने मान एका अंगाला टाकली, तेव्हा वेणी खांद्यावरून पुढे आली. कात्री दोन्ही हातांत धरली, अंगठे कड्यांत जाईनात म्हणून तळव्यांमध्ये दाबली. पाती वेणीवर आली. मिटली नाहीत. तिने पुन्हा दाबलं. तोंड लाल झालं, गळ्याच्या शिरा वर आल्या. दोन-तीन केस तुटले असतील. मग कात्री निसटून फरशीवर पडली.

शबाना रडायला लागली. वसू रडली नाही. ती उठली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, ‘घाल. नेहमीची.’

आता घरी येऊन आठवडे झाले. वसूने गोळ्या सुरू केल्या आहेत, दुसऱ्या, केस कमी गळतील अशा. तिची सूज उतरते आहे. परवा फोनवर म्हणाली की आमटीची वाटी एका हाताने उचलली. वैद्यबाईंकडे जायची तारीख ठरली आहे, मी पुन्हा जाणार आहे, चादर आणि चमचे तयार आहेत. लोकांना हे ऐकून बरं वाटतं. मलाही वाटावं, असं सगळे म्हणतात. शबाना सांगते की आता वेणी घालताना वसूताई काहीच करत नाहीत, भिंतीकडेही वळत नाहीत, नुसत्या बसतात.

त्या बॅग भरलेल्या बाईंसाठी एवढंच. बॅगेत गोळ्या आहेत का ते बघा. तुम्ही आईला किंवा सासूला नेणार असाल तर तिच्या न्हाणीची जाळी उचलून बघा, आणि तिला विचारा, लाजेल असं काहीतरी. मग गावाचं नाव मी देते.

माझ्या बॅगेत त्या प्रवासातलं फार काही आलं नाही. तळाशी थोडी वाळू आहे, ती शिवणीतून निघत नाही. आणि वसूची कात्री आहे. निघताना ती फोनवर बोलत होती तेव्हा मी खणातून काढून घेतली. तिला ती चालवता येत नाही हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी काढून घेतली.